उंदीर : घरातील बंदोबस्त (ग्वारीघाट, जबलपूर)

ग्वारीघाट म्हणजे जबलपूर शहराच्या दक्षिण अंगाला, नर्मदेच्या उत्तर तीरावरचा घाट आणि त्याला लागून वाढलेली वस्ती. रोजची सायंआरती, दीपदान, पौर्णिमा-अमावास्येची स्नाने आणि माघ शुद्ध सप्तमीची नर्मदा जयंती यांमुळे इथे माणसांची वर्दळ बारा महिने असते. मराठी वाचकाला हे ठिकाण बहुधा नर्मदा परिक्रमेमुळे ठाऊक असते. उंदरांच्या दृष्टीने मात्र हे सदा अन्न मिळणारे ठिकाण आहे. घाटावर नारळ फुटतात, चणे-मुरमुरे सांडतात, माशांसाठी कणकेच्या गोळ्या विकल्या जातात, भंडाऱ्याच्या पत्रावळी उरतात. आश्रम-धर्मशाळांतून परिक्रमावासीयांना सदावर्त म्हणून कोरडा शिधा मिळतो, त्यामुळे पीठ, डाळ, तांदूळ यांची पोती तिथे कायम भरलेली असतात. ही दानधर्माची रीत आहे आणि ती थांबणार नाही, थांबूही नये. म्हणून अशा वस्तीत उंदीर मारून संपवू, ही आशा सोडून देणे बरे. आपले घर त्यांना बंद करणे आणि घरातले अन्न त्यांच्या हाती लागू न देणे, हाच खरा बंदोबस्त. मारणे हे त्यानंतरचे काम.

दुसरे कारण नदीचे. ग्वारीघाटाच्या वरच्या अंगाला बरगी धरण (राणी अवंतीबाई लोधी सागर) आहे. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडले की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. काठच्या मातीत बिळे करून राहणाऱ्या घुशी-उंदरांना तेव्हा उंच जागा शोधावी लागते, आणि उंच जागा म्हणजे माणसांची घरे. आषाढ-श्रावणात अचानक खुडबुड वाढली तर ते नवल नव्हे. भोके बुजवण्याचे काम म्हणूनच वैशाख-ज्येष्ठात, पाऊस लागण्याआधी उरकावे. पावसात हे काम नीट होत नाही आणि तोवर पाहुणे आत आलेले असतात.

कोण आले आहे, हे आधी ओळखावे. उपाय त्यावर ठरतो. माळ्यावर, आढ्यात, कौलांखाली राहतो तो काळा उंदीर (रॅटस रॅटस). अंग सडसडीत, कान मोठे, शेपूट धडापेक्षा लांब. तो वायरीवरून आणि पाइपावरून सहज चढतो. त्याच्या लेंड्या साधारण अर्ध्या इंचाच्या, टोकदार असतात. अगदी लहान, घरातल्या कपाटात-खणात संसार मांडणारा तो घरउंदीर (मुस मस्क्युलस). त्याच्या लेंड्या तांदळाच्या कणीएवढ्या. घूस (बॅन्डिकोटा) जमीन उकरते. अंगणात, पायाशी, मोरीच्या कडेला ताज्या मातीचा ढीग दिसला की ती घूस समजावी. ती जोते पोखरते, फरशी खचवते, म्हणून तिचे नुकसान धान्यापुरते राहत नाही. चौथी आहे चिचुंद्री, आणि तिच्या बाबतीत आपल्याकडे फार अन्याय होतो. ती उंदीरच नाही. कीटक खाणारा वेगळा प्राणी आहे. लांब सोंडेसारखे नाक, उग्र वास, भिंतीच्या कडेने चीं-चीं करत पळणे, या खुणांनी ती ओळखू येते. झुरळे खाणाऱ्या या जिवाला चापात चिरडण्यात काहीच लाभ नाही. तिची वाट बंद केली की पुरे.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत कुरतडावे लागते: लाकूड, प्लॅस्टिक, विजेच्या वायरी, साबणसुद्धा. वायर उघडी पडून शॉर्टसर्किट होणे हा कौलारू, लाकडी माळ्याच्या घरांतला मोठा धोका आहे. मादीची गर्भावस्था सुमारे तीन आठवड्यांची. एका वेतात पाच ते दहा पिल्ले होतात आणि ती दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. आठवड्याला दोन उंदीर पकडूनही घरातली संख्या का घटत नाही, त्याचे उत्तर या हिशेबात आहे. अन्न आणि आसरा तसाच ठेवला तर मेलेल्यांची जागा नव्या पिढीने आणि शेजारच्या घरातल्या उंदरांनी लगेच भरते. एका स्वभावाचा मात्र आपल्याला उपयोग करून घेता येतो. उंदीर भिंतीला अंग घासून, ठरल्या वाटेनेच जातो. त्याच्या अंगाच्या तेलाने भिंतीवर काळपट पट्टा उमटतो; तो पट्टा धरून मागे गेले की भोक सापडते.

रोगांचा विषय मराठी समाजाला नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या शेजारी, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. माणसे आजारी पडण्याआधी वखारींत उंदीर मरून पडत होते. पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला आणि पुण्यात घरे झडत्या घेऊन रिकामी केली गेली, रोग्यांना छावण्यांत हलवले गेले. त्यातून उसळलेल्या संतापात २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगने गेल्या. या साऱ्या काळात सरकारचा हात माणसांवर होता. उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू या जोडीकडे पुरेसे लक्ष गेलेच नव्हते. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत पिसूचा दुवा दाखवला, तो स्वीकारायला काही वर्षे गेली. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने तो पक्का केला. घर बळजबरीने रिकामे करून उंदीर मात्र तिथेच सोडणे, ही त्या काळातली सर्वांत महागात पडलेली चूक होती असे माझे मत आहे. जबलपूर ज्या मध्य प्रांतात होते, तिथल्या मोठ्या शहरांपर्यंतही ही साथ पोचली होती.

शतकभराने, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर, ओस पडलेल्या घरांत धान्य तसेच राहिले आणि उंदीर वाढले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण दिसले, आणि त्याच सुमारास सुरतमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची घबराट उडाली. आज घरातल्या उंदरापासून जास्त जवळचा धोका लेप्टोस्पायरोसिसचा आहे. उंदराच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यातून जखमी त्वचेत शिरतात. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर याचे रुग्ण वाढले होते. ग्वारीघाटात पूर ओसरल्यावर गाळ उपसणाऱ्यांनी पायात गमबूट, हातात रबरी मोजे घालावेत. ताप, डोळे लाल होणे, पोटऱ्या दुखणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना आपण पुराच्या पाण्यात उतरलो होतो, हे आवर्जून सांगावे. माहिती वेळेवर मिळाली तर साध्या प्रतिजैविकाने माणूस वाचतो.

आता घर बंद करण्याविषयी. घरउंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते. पेन्सिल आत गेली की तोही जातो, असे धरून चालावे. काळ्या उंदराच्या पिल्लाला अर्धा इंच पुरतो. जबलपूरकडच्या घरांत एक जागा हमखास सुटते ती कूलरची. उन्हाळ्यासाठी खिडकीत बसवलेला कूलर वर्षभर तिथेच राहतो आणि भोवतीची फट गोणपाटाने किंवा पुठ्ठ्याने झाकलेली असते. उंदीर तो पुठ्ठा एका रात्रीत कुरतडतो. मोसम संपल्यावर कूलर काढावा, निदान भोवती पत्र्याची चौकट ठोकावी. मोरीच्या आणि न्हाणीच्या तोंडाशी लोखंडी जाळी घट्ट बसवावी. प्लॅस्टिकची जाळी टिकत नाही. नळाचे पाइप, गटाराची नळी, विजेची केबल भिंतीतून जाते तिथला मोकळा भाग भांडी घासायच्या तारेच्या घासणीने ठासून वर सिमेंट लावावे. घुशीच्या बिळाला नुसती माती टाकून भागत नाही. फुटक्या काचा मिसळलेले सिमेंट खोलवर भरणे हा जुना, चांगला उपाय आहे. भरताना हातमोजे घालावेत. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोकावी. पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपराची नाळ आणि भिंत यांच्यातली पोकळी हा काळ्या उंदराचा राजमार्ग. तिथे सहा मिलिमीटरची जाळी बसवावी. छपरावर वाकलेल्या फांद्या हातभर नव्हे, चांगल्या दोन-तीन हात मागे छाटाव्यात.

धान्याच्या बाबतीत आपल्या आजोळच्या सोयी आठवाव्यात. बळद भिंतीत असे, पेव जमिनीत, कणगी शेणामातीने लिंपलेली; सगळ्यांचा रोख अन्न उंदराच्या दातांपासून दूर ठेवण्यावर होता. त्यांच्या जागी आज घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी पुरेशी आहे. जमिनीवर पोते टेकवून ठेवणाऱ्या आश्रमांनी भिंतीपासून हातभर अंतर सोडून लाकडी फळ्यांवर पोती रचली, तर मागची बाजू झाडता येते आणि लेंड्या लगेच दिसतात. परिक्रमावासीयांनी झोळी रात्री भिंतीच्या खुंटीला न अडकवता पीठ-गूळ डब्यात बंद करून ठेवावा, कारण खुंटीपर्यंत काळा उंदीर आरामात चढतो. देवघरातला प्रसाद, दिव्यातले तूप, तेलाची वात यांचेही झोपण्याआधी पाहावे. कित्येक घरे स्वयंपाकघर लख्ख ठेवतात आणि देवघरात खोबऱ्याची वाटी उघडी राहते. शक्यतो भांडी रात्रीच घासावीत, पाण्याची बादली झाकावी, कुत्र्या-गाईसाठी बाहेर ठेवलेले अन्न दिवेलागणीनंतर उचलावे.

एवढे केल्यावर सापळा लावावा, कारण तेव्हा भुकेला उंदीर लवकर येतो. नव्या वस्तूला उंदीर भितो, म्हणून पिंजरा किंवा चाप दोन-तीन रात्री न ताणता, आमिष घालून तसाच ठेवावा. शेंगदाणा, सुके खोबरे, तळलेली भजी ही चांगली आमिषे. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा. एकाऐवजी चार-पाच एकाच रात्री लावले तर काम उरकते. हिंदीत ज्याला चूहादानी म्हणतात त्या पिंजऱ्यात पकडून दूर सोडण्याची रीत सर्वत्र आहे. गणपतीचे वाहन म्हणून मारायला हात धजत नाही, ही भावना समजण्यासारखी आहे. पण दुसऱ्याच्या वस्तीत, शेतात किंवा घाटावर सोडलेला उंदीर तिथल्या लोकांच्या अन्नाकडे वळतो, म्हणून सोडण्याऐवजी घरात येऊच न देणे हा त्या भावनेचाही योग्य मार्ग होय. गोंदाचे चिकट फळे मात्र कधी वापरू नयेत. त्यावर जीव तासन्‌तास तडफडतो, सोबत पाली आणि चिमण्याही अडकतात.

विष हा शेवटचा, आणि घरात तर टाळण्याजोगा उपाय. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन हा विषारी वायू तयार करते; माणसाच्या पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनसारखी औषधे रक्त गोठू देत नाहीत. परिणाम काही दिवसांनी दिसतो आणि त्यावर व्हिटॅमिन के १ हा उतारा आहे. पिवळ्या फॉस्फरसचा मलम मुलांच्या हाती लागू शकतो आणि यकृत निकामी करतो. तो घरात असूच नये. विष खाल्लेला उंदीर खाल्ल्याने गव्हाणी घुबड, मांजर, धामण मरू शकतात, आणि उंदरांना नैसर्गिक आवर घालणारे नेमके तेच असतात. नदीच्या पाण्यात किंवा काठावर विष टाकणे सर्वस्वी गैर. घरात विष वापरावेच लागले तर ते कुलूपबंद आमिषपेटीत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरावे.

मेलेला उंदीर किंवा लेंड्या कोरड्या झाडू नयेत. धुळीबरोबर जंतू उडतात. आधी ब्लीचच्या पातळ पाण्याने जागा भिजवावी, हातमोजे घालून कागदाने टिपावे, दुहेरी पिशवीत बांधून टाकावे, मग हात साबणाने धुवावेत. उंदीर चावला तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने दहा-पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. धनुर्वाताच्या लशीची गरज आहे का, ते तिथे ठरते. मुलाने विषाची गोळी चघळल्याचा संशय आला तर मीठपाणी पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत न पडता औषधाचे पाकीट सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालयात न्यावे. पाकिटावरचे नाव वाचूनच डॉक्टर ठरवतात की के १ द्यायचे की आणखी काही.