पुण्यासच का आल्या?



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती असतात, भरतकाम असते, मंडळाचा अहवाल असतो. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, थोडा इतिहासही येऊ द्या. म्हणून मी एक जुनाच प्रश्न हाती घेतला आहे. जिच्या पाठीशी नवरा नाही, सासर सुटले आहे, आणि माहेरीही फार दिवस निभावणार नाही, अशी विशी-पंचविशीतली बाई राहण्यासाठी नवे शहर निवडते ते कशावरून? पुण्याच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात अशा बायका पुष्कळ आहेत. त्यांची चरित्रे आपण वाचतो, त्यांच्या जयंत्या करतो. पण त्या पुण्यासच का आल्या, हे विचारायचे राहून जाते.

पुरुषांचे त्या मानाने बरे होते. कोकणातला तरुण मुंबईस गिरणीत कामाला निघाला, तर गिरणगावात त्याच्या गावच्या मंडळींची खोली असे. एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपत आणि जेवायला खाणावळीत जात. पुण्यास शिकावयास येणारा गरीब ब्राह्मणाचा मुलगा वार लावून जेवत असे. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. सात घरे जमली की त्याचे शहर ठरले. मुलीला असे वार लावून शिकण्याची सोय नव्हती. तिला एकच घर हवे असे, पण ते बाराही महिने आणि रात्रीही तिचे असावे लागे.

असे घर पुण्यात १८६३ मध्ये निघाले. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी आपल्या गंज पेठेतल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ज्या विधवेचे पाऊल वाकडे पडले, किंवा घरातल्याच कोणी वाकडे पाडले, तिच्यापुढे त्या काळी विहीर नाही तर मूल मारणे, हे दोनच मार्ग उरत. फुले पतिपत्नींनी जाहीर केले की अशा बाईने आमच्याकडे यावे, गुपचूप व सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे तिने ठरवावे. १८८४ सालापर्यंत पस्तीस विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या, असे स्वतः जोतीरावांनीच लिहून ठेवले आहे. ह्या पस्तीस जणींनी पुणे शहर निवडले असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यांनी एक दार निवडले, आणि ते दार पुण्यात होते.

त्यांतल्याच एका विधवेचा मुलगा यशवंत. त्याला फुले पतिपत्नींनी दत्तक घेतले, डॉक्टर केले. १८८९ साली त्याचे लग्न झाले ते आपल्या हडपसरच्या ससाणे घराण्यातल्या मुलीशी. पुढे १८९७ च्या प्लेगात ह्याच यशवंतरावांनी ससाण्यांच्या मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या दवाखान्यात आल्या, त्यांनाही रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ससाणेनगरावरून आपण रोज रिक्षाने जातो-येतो. कोण कुठली ती विधवा अडलेली होऊन पुण्यास आली, म्हणून तिचा मुलगा हडपसरच्या मळ्यात प्लेगच्या रोग्यांच्या उशाशी बसला.

आता पंडिता रमाबाईंची गोष्ट. ही फार निराळी आहे, कारण ह्या बाईंना खरोखरच निवड होती. १८५८ चा त्यांचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांच्या विरोधाला न जुमानता घरातल्या बायकांना संस्कृत शिकवले. आईवडील दुष्काळात गेले. त्यानंतर रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास पायी हिंडत हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. भाऊ वारला. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी त्यांनी जात मोडून नोंदणी पद्धतीने लग्न केले. एक मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही गेले. वय अवघे तेवीस, पदरी दहा महिन्यांचे मूल.

कलकत्त्यात त्यांचे नाव होते, मान होता. बंगाली त्यांना येत होते. तरी त्या दोन-तीन महिन्यांत निघून पुण्यास आल्या. पुणे त्यांनी कधी आपले घर म्हणून पाहिले नव्हते. पण घरात लहानपणापासून मराठी बोलली जात असे, आणि पुण्यात रानडे, भांडारकर अशी सुधारक मंडळी त्यांच्या येण्याची वाट पाहत होती. मला वाटते, ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या होत्या. परक्या भाषेत व्याख्यान देता येते, पण तापाने फणफणलेल्या मुलीसाठी शेजारणीकडे काढा मागायचा तर आपली भाषा लागते.

पुण्यात येताच त्यांनी त्याच वर्षी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन सांगितले की बायकांसाठी बायकाच डॉक्टर हव्यात. एका वर्षात एवढे काम! पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा गाठीला बांधून १८८३ मध्ये त्या मुलीला घेऊन विलायतेस गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला; त्यावरून पुण्यात केवढे वादळ झाले ते सर्वांस ठाऊक आहे. तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही.

अमेरिकेत मदत उभी करून त्या परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले, ते मात्र मुंबईत, चौपाटीवर. मुंबई मोठी, मोकळी. तेथे दुसऱ्याच्या घरात डोकावायला कोणाला वेळ नाही. मग दीड वर्षातच, १८९० च्या नोव्हेंबरात, सदन पुण्यास का आणले? मुख्य कारण साधे आहे. मुंबई परवडेना. थोर माणसांच्या चरित्रांत जागेच्या भाड्याचा उल्लेख आला की आपण तो भरभर वाचून पुढे जातो. पण आपण घर चालवणाऱ्या बायका. पहिल्या तारखेला भाडे द्यायचे असले की शहर किती लवकर लहान होते, हे आपल्याला ठाऊक आहे.

ह्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. माहेर देवरूखचे जोशी. आठ-नऊ वर्षांची असताना लग्न आणि तीन महिन्यांत वैधव्य. पुढची कितीतरी वर्षे सासरी राबण्यात गेली. त्यांचे भाऊ नरहरपंत मुंबईस होते. त्यांनी बहिणीला मुंबईस आणले आणि सदनात घातले. वर्ष-दीड वर्षात सदन पुण्यास हलले, तेव्हा गोदूबाईही त्याबरोबर पुण्यास आल्या. तिथे शिकल्या. १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे प्रोफेसर धोंडो केशव कर्वे हे नरहरपंतांचे जुने स्नेही. त्यांची पत्नी वारली होती, आणि त्यांनी ठरवले होते की दुसरे लग्न करीन तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हे लग्न झाले व गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. लग्नानंतर दोघे कोकणात कर्व्यांच्या मुरुडला गेले, तर गावाने बहिष्कार घातला.

म्हणजे पाहा, देवरूख, मुंबई, पुणे, ह्यांतले एकही ठिकाण गोदूबाईंनी नकाशावर बोट ठेवून ठरवले नाही. एकदा भाऊ होता, एकदा सदन होते. पण ह्यावरून त्यांना निवडच नव्हती असे कोणी म्हणेल तर ते मला पटत नाही. केशवपन झालेली बाई सासरचा उंबरा ओलांडून शाळेच्या बाकावर बसली, ही काय लहान निवड आहे? गाव नंतर आले.

त्याच १८९३ साली शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती वळणावर जात आहेत असा बोभाटा झाला, सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली घरी नेल्या. तेव्हा कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. तो १९०० साली गावाबाहेर हिंगण्याला गेला, एका झोपडीत. जागा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिली. आनंदीबाईंच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, पुण्यास बहिणीकडे आल्या आणि आश्रमाच्या कामाला लागल्या. गावोगाव हिंडून त्यांनी आश्रमासाठी वर्गणी गोळा केली. हीच बाई १९१८ मध्ये एकटी अमेरिकेस गेली आणि तिथे लोकांच्या घरची कामे करून राहिली, इंग्रजी शिकली. भांडी घासून विद्या मिळवणे आपल्याकडे कमीपणाचे मानतात. ‘माझी कहाणी’ ह्या पुस्तकात पार्वतीबाईंनी हे सारे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे, मिळाल्यास जरूर वाचावे.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही घरे सगळ्याच बायकांना उघडी नव्हती. हिंगण्याचा आश्रम प्रथम उच्चवर्णीय विधवांसाठीच होता. इतर अनेक जातींत पाट लावण्याची चाल होती, शेतावर राबण्याची मुभा होती, म्हणून त्या बायकांचे दुःख कमी असे नव्हे. त्या पुण्यात आल्या त्या भाजीची पाटी डोक्यावर घेऊन, नाही तर बांधकामावर. त्यांच्यासाठी कोणी सदन काढले नाही आणि त्यांनी शहर कसे निवडले ह्याची नोंदही कोणी ठेवली नाही.

न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या जानेवारीत वारले. त्यांच्या पत्नी रमाबाई तेव्हा अडतीस-एकोणचाळीस वर्षांच्या. मुंबईत इतकी वर्षे काढलेली असूनही त्या पुण्याच्या जुन्या वाड्यात परत आल्या. त्या वाड्यातच २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्याचे सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. सेवासदनात शिवणकाम शिकवीत, शिक्षिका तयार करीत, आणि ससून रुग्णालयाशी जोडून परिचारिकांचे शिक्षण देत. माझ्या मते ह्या सर्व इतिहासात येथे मोठा फरक पडला. आधीच्या बायका आसऱ्याला येत. सेवासदनात येणारी बाई हाती पगार येईल ह्या हिशेबाने येऊ लागली. पगार हाती आला की बदलीची गोष्ट निघते, अमुक गावी दवाखान्यात जागा आहे, तमुक ठिकाणी शाळा आहे. आणि मग खऱ्या अर्थाने गाव निवडता येते.

पंडिता रमाबाईंचे पुढे काय झाले तेही सांगते, कारण ते आपल्याच रस्त्यावर घडले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व बायका सोडवून आणल्या. पुण्यात प्लेग, एवढ्या मुली शहरात ठेवणे होईना. त्यांनी केडगावला जमीन घेतली होती, तेथे त्यांना नेले आणि तेच पुढे मुक्ती सदन झाले. सोलापूर रस्त्याने हडपसर, लोणी, यवत करीत गेले की चौफुल्याला केडगावचा फाटा लागतो. ज्या वर्षी सावित्रीबाई ससाण्यांच्या मळ्यात गेल्या, त्याच वर्षी हे घडले. ५ एप्रिल १९२२ रोजी पंडिताबाई केडगावातच वारल्या. कलकत्ता, पुणे, लंडन, बोस्टन पाहिलेल्या बाईने शेवटी एक आडगाव निवडले, कारण तिथे विहीर खणता येत होती, भाजी लावता येत होती आणि दोन हजार तोंडे पोसायची असली तरी कोणाचे भाडे द्यायचे नव्हते.

हल्ली हा प्रश्न आपल्या हडपसरच्या दारात येऊन उभा आहे. मगरपट्ट्यात जेथे ऊस डोलत असे, तेथे शेतकऱ्यांनी आपल्या सुमारे चारशे एकर जमिनी एकत्र करून शहर वसवले, कचेऱ्या आल्या. लातूर, परभणी, जळगाव, अकोल्याच्या मुली नोकरीला येतात. ह्या विधवा नव्हेत, अनाथ नव्हेत. चांगल्या शिकलेल्या, हाती पगार असलेल्या. बंगलोर, हैदराबाद, मुंबई, पुणे अशी चार नावे समोर ठेवून त्या निवड करतात. आमच्या वरच्या खोलीत अशा दोघी राहतात. त्यांना मी एकदा विचारले, पुणेच का? मला वाटले पगार सांगतील, हवा सांगतील. त्यांतली मोठी म्हणाली, “मावशी, माझ्या वर्गातली एक मुलगी इथे आधी आली होती. तिच्या खोलीत एक गादी रिकामी होती.”

त्या गादीवर चार महिने काढून दोघी खोली शोधत फिरल्या. पंधरा-सोळा ठिकाणी नकार आला. एके ठिकाणी सांगितले, फक्त कुटुंबाला देतो. दुसरीकडे म्हणाले, आई येऊन राहणार असेल तर बघू. एका सोसायटीत मालकीण तयार होती, पण समितीने ठराव दाखवला. आपल्या मंडळातही गेल्या सभेत हा विषय निघाला होता आणि बराच आवाज चढला. रात्रपाळीहून मुलगी पहाटे गाडीतून उतरते हे ज्यांना खटकते, त्या भगिनींचे म्हणणे मी ऐकून घेतले. ससूनमधल्या परिचारिका शंभर वर्षांपूर्वी रात्रपाळी करीत होत्या, एवढेच मी तेथे बोलले.

धाकटीला आता बंगलोरला जास्त पगाराची जागा मिळते आहे. जावे की नाही, ह्यावर आमच्या ओट्यावर रोज खल चालतो. तिने तेथल्या तीन घरांना फोन लावले. त्यांतल्या एका बाईंना थोडी हिंदी येते, म्हणून तिने फोन माझ्याकडे दिला. त्या बाईंनी पाण्याचे सांगितले, अनामत किती ते सांगितले आणि विचारले, मुलगी रात्री किती वाजता घरी येते? मी म्हटले, काम सुटले की येते. इथे दोन वर्षे तशीच येते आहे, किल्ली तिच्याजवळ असते. पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग बाई म्हणाल्या, येऊन खोली बघून जा म्हणावे. येत्या रविवारी ती बघायला जाणार आहे.