अंगमर्दनाची राजसनद
सांधे व स्नायू यांचें दुखणें हातांनीं हलकें करण्याची विद्या फार जुनी. पण इंग्लंडांत तिच्या शिक्षणास शिस्त आली ती बदनामीपोटीं, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. इ. स. १८९४ मध्यें ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नें लंडनच्या कांहीं मर्दनगृहांतील अनाचाराचा बोभाटा केला, आणि प्रामाणिकपणें हें काम करणाऱ्या स्त्रियांना तोंड दाखविणें कठीण झालें. तेव्हां रोझलिंड पॅजेट, ल्यूसी रॉबिन्सन, एलिझाबेथ मॅन्ली व मार्गारेट पामर या चार परिचारिकांनीं त्याच वर्षीं शिक्षित मर्दनकारिणींचें मंडळ काढलें. शरीररचनेचें ज्ञान परीक्षेंत सिद्ध केल्यावांचून प्रमाणपत्र नाहीं. वैद्यकीय पत्रांखेरीज अन्यत्र जाहिरात नाहीं. डॉक्टरांनीं निकडीच्या प्रसंगीं मुद्दाम सांगितल्याखेरीज पुरुषांचें सर्वांगमर्दन नाहीं; आणि डॉक्टरांच्या आज्ञेवांचून कोणाही रुग्णास हात लावावयाचा नाहीं. या शेवटच्या नियमानें अब्रू राखिली खरी, पण स्वातंत्र्य गहाण पडलें. सौदा महागच म्हणावयाचा! पहिल्या महायुद्धांत जखमी सैनिकांमुळें या हातांची किंमत सर्वांस कळली. १९२० मध्यें राजसनद मिळाली, १९४४ मध्यें मंडळाच्या नांवांत ‘फिजिओथेरपी’ हा शब्द आला. डॉक्टरी आज्ञेची गांठ मात्र १९७० नंतरच्या दशकांत सुटली.