तळटीप : धामकाठचे मंद संगीत

१४. धाम नदीकाठी बसून कानाला यंत्र लावून ऐकलेल्या ज्या संगीताला लेखकाने 'गोवा ट्रान्स' म्हटले आहे, ते ट्रान्स नव्हे. हणजुणच्या किनाऱ्यावर घडलेले ट्रान्स मिनिटाला साधारण १४० ठोक्यांनी धावते. लेखकाचे वर्णन जुळते ते 'डाउनटेम्पो'शी : ७० ते १०० ठोक्यांचे, नाचण्यापेक्षा ऐकण्यासाठीचे इलेक्ट्रॉनिक संगीत. त्यात देशोदेशीची वाद्ये मिसळण्याची रीत १९९० नंतर चांगलीच रुळली. मराठी आडनावाचा यातला ठळक कलावंत म्हणजे कर्श काळे (जन्म १९७४). जन्म इंग्लंडचा, वाढ न्यू यॉर्ककडची. त्यांचा 'रिअलाइझ' (२००१) हा अल्बम वाचकांनी जरूर ऐकावा. डग्ग्याची घुमक सिंथेसायझरच्या खर्जात अशी मिसळते की हाताचे काम कुठे संपले नि यंत्राचे कुठे सुरू झाले, चटकन कळत नाही. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच दहा राग यंत्रांवर वाजवले होते, पण डिस्कोच्या ठेक्यावर. तेव्हा त्यांना फारसे कोणी विचारले नाही, २०१० च्या पुनःप्रकाशनानंतर मात्र परदेशातून वाहवा झाली. बाकी या प्रकारातला बराच माल हॉटेलच्या लॉबीपुरताच : सतारीचा तुकडा घ्यायचा आणि तासभर फिरवायचा. याच धामकाठच्या पवनारमधील ब्रह्मविद्या मंदिरातील (स्थापना १९५९) सामूहिक विष्णुसहस्रनामाशी लेखकाने केलेली या संगीताची तुलना संपादकाला पटत नाही. लूपमध्ये तोच तुकडा परत येतो. सहस्रनामात श्लोक पुढे सरकत जातो.