पाऱ्याचा थेंब आणि समुद्रातील धातू

समुद्राच्या पाण्यातील शिसे, कॅडमियम आदी जड धातू विद्युत्-रासायनिक संवेदकांनी ओळखण्याच्या विद्येचा उगम १९२२ साली प्राग येथे झाला. चार्ल्स विद्यापीठातील यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की ह्यांनी काचेच्या सूक्ष्म नळीतून थेंबाथेंबाने गळणारा पारा हाच विद्युदग्र मानला, विद्युत् दाब हळूहळू वाढवीत नेला आणि प्रवाहातील फरक टिपला. प्रत्येक धातूचा आयन आपल्या ठराविक दाबालाच इलेक्ट्रॉन स्वीकारतो. म्हणून दाबावरून धातूचे नाव कळते व प्रवाहावरून त्याचे प्रमाण. १९२५ मध्ये मासुझो शिकाता ह्या जपानी सहकाऱ्यासह त्यांनी हा आलेख आपोआप काढणारे यंत्र सिद्ध केले.

पुढील सुधारणा समुद्राच्या दृष्टीने अधिक मोलाची होय. थेंब गळू न देता लटकता ठेवावयाचा, काही मिनिटे धातू त्यात साठवावयाचा आणि मग दाब उलट दिशेने नेऊन तो बाहेर काढावयाचा. ह्या युक्तीने एका लिटरात एका मायक्रोग्रॅमहूनही कमी असलेले शिसे हाती लागू लागले. इतर पद्धतींना जाचक होणारे समुद्राचे मीठ येथे उलट साह्यच करते. प्रवाह वाहून नेण्यास निराळे लवण घालावे लागत नाही.

मात्र पाऱ्यात साठविलेला पारा वेगळा कसा ओळखावा? ही अडचण सामान्य नव्हे. जपानमधील मिनामाता येथे चिस्सो कारखाना असीटाल्डिहाइड बनविताना पाऱ्याचा उपयोग करी व सांडपाणी खाडीत सोडी. मे १९५६ मध्ये तेथील रोगाची अधिकृत नोंद झाली. कारण ठाऊक नसल्याने लोक त्यास नुसते ‘किब्यो’, म्हणजे विचित्र रोग, म्हणत. कुमामोतो विद्यापीठातील संशोधकांनी प्रथम मँगनीज, सेलेनियम, थॅलियम ह्यांवर संशय घेतला. सेंद्रिय पाऱ्याचे नाव जुलै १९५९ मध्ये पुढे आले. हेरॉव्हस्कींना नोबेल पारितोषिक लाभले तेही त्याच वर्षी. सरकारने कारण मान्य केले ते मात्र सप्टेंबर १९६८ मध्ये.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषाशास्त्राचा असल्याने त्यास येथे शब्दाचा दोष दिसतो. ‘पारा’ ह्या एका नावाखाली धातू, त्याची लवणे आणि मिथिल पारा ही सर्व दडतात. माशांत साचून मज्जासंस्थेवर आघात करतो तो प्रामुख्याने शेवटचा. आपल्या वैद्यांनी हिंगूळ व रसकापूर ह्यांना निराळी नावे दिली, ती उगाच नव्हे. संवेदकासही हा भेद पाळावा लागतो: पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांनी जखडून ठेवलेला धातू त्यास सहसा दिसत नाही, मोकळा तेवढा दिसतो. एकूण आकडा हवा असल्यास नमुन्यावर आम्लाची किंवा अतिनील किरणांची प्रक्रिया आधी करावी लागते.

पाऱ्याच्या मोजणीसाठी सोन्याचा विद्युदग्र वापरतात. शिसे व कॅडमियम ह्यांसाठी २००० साली जोसेफ वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्मथाच्या पातळ थराचा विद्युदग्र सुचविला. पाऱ्याचा वापर आवरणारा, मिनामाताचेच नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली कुमामोतो येथे संमत झाला व २०१७ मध्ये अमलात आला. त्यानंतर बिस्मथाची मागणी वाढावी ह्यात नवल नाही. तांब्याच्या बाबतीत मात्र तो डोकेदुखी ठरतो, कारण तांबे ज्या दाबाला बाहेर पडते त्याच्या आसपास बिस्मथ स्वतःच विरघळू लागतो.