गोदाकाठचे भोई आणि गळाचा खेकडा

आपल्या ज्ञातीच्या पोटभेदांची यादी पुष्कळ घरांत जातीच्या दाखल्याच्या निमित्ताने हाती येते आणि दाखला मिळाला की बासनात जाते. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत ‘भोई’ या नोंदीखाली झिंगा भोई, परदेशी भोई, राज भोई, कहार, केवट, धीवर, नावाडी अशी नावे ओळीने दिलेली आहेत. आणि त्यांतच ‘खाडी भोई’ व ‘खारे भोई’ ही दोन नावे आहेत. बीड जिल्ह्यातील आपल्या बांधवांस समुद्र कोणत्या दिशेस आहे एवढेच ठाऊक. तथापि एकाच नोंदीत खाऱ्या पाण्यावरचे व गोड्या पाण्यावरचे लोक शेजारी शेजारी बसले आहेत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. दोघांचा धंदा एक, जाळे एक, गळ एक. गळाला लावावयाचे आमिषही पुष्कळ अंशी एकच, आणि ते म्हणजे खेकडा. या क्षुद्र मानल्या गेलेल्या प्राण्याच्या आधारे आपल्या जिल्ह्यातील धंद्याचा थोडा इतिहास सांगावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भोयांचा इतिहास लिहिणारे बहुधा पालखीपासून आरंभ करतात. पालखी हा मानाचा विषय खरा. परंतु पालखी वाहणे हे सरदार-दरकदारांच्या मर्जीवर अवलंबून होते, आणि नदी वर्षभर दारात होती. गेवराई, माजलगाव व परळी या तालुक्यांच्या उत्तरेस गोदावरी वाहते. मांजरथ येथे सिंदफणा तिला येऊन मिळते. बिंदुसरा बीड शहरातून जाऊन सिंदफणेत जाते. दक्षिणेस मांजरा आहे. या पाण्यांवर उतारू नेणे आणि मासे धरणे ही दोन कामे आपल्या लोकांची. नावाड्याचे महत्त्व काय असते हे गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनाने एकदा साऱ्या दक्षिणेस दाखविले. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या सैन्याचा पराभव केला. निजाम स्वतः सैन्याचा एक भाग घेऊन नदीपार झाला होता, दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडच्या तीरावर राहिला होता, आणि गोदावरीस पूर होता. पलीकडून मदत येणे अशक्य झाले व दिवाण रणात पडला. इतिहासकार या लढाईचे श्रेय मुत्सद्देगिरीस व तलवारीस देतात, ते योग्यच आहे. मात्र नदीलाही त्यातला वाटा द्यावा, असे नदीकाठच्या माणसास वाटल्यावाचून राहत नाही.

असो. आता गळाकडे वळू.

गळाने मासे धरण्याची विद्या आपल्या प्रदेशात किती जुनी आहे, याचा एक भक्कम पुरावा उपलब्ध आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सन ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. राजाने करावयाच्या विनोदांत त्याने ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरणच घातले आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य, दोरी व गळ यांचा विचार आहे. या प्रकरणावर मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये विस्तृत लेख प्रसिद्ध केला. राजाने ही विद्या कोणापासून घेतली, हे ग्रंथात शोधण्याचे कारण नाही. कोणत्या माशाला कोणते खाद्य रुचते, हे सिंहासनावर बसून कळत नाही. ते ज्याचे पाय रात्रभर पाण्यात असतात त्यास कळते.

आता खेकड्याविषयी. बालाघाटच्या काळ्या खडकात, ओढ्यांच्या काठी आणि शेताच्या बांधांत राहणारा आपला खेकडा हा समुद्राच्या चिंबोरीहून निराळा. कोकणात शेतातील अशा खेकड्यास मुठा म्हणतात. या दख्खनी खेकड्याची शास्त्रीय नोंद प्रथम १८३६ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या ग्रंथात झाली. ती करणारा कर्नल साइक्स हा मुंबई सरकारने १८२४ मध्ये दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलेला अधिकारी होता. पुढे त्याने दख्खनच्या माशांवरही लिहिले. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर खेकडे बिळांतून बाहेर पडतात, हे पाहून तो गोरा अधिकारी चकित झाला असेल. आपल्या पोराबाळांस मात्र ती सरी म्हणजे कंदील व टोपली घेऊन निघण्याची खूण होती.

खेकडे धरण्याच्या रीती ज्येष्ठांकडून ऐकल्या त्या येथे नोंदवून ठेवतो. पावसाळ्यात रात्री उजेड दाखवून ओढ्याकाठी फिरावे. उजेडाने खेकडा क्षणभर थबकतो, तेवढ्यात पाठीमागून पाठीवर बोटे दाबून उचलावा. हिवाळ्यात व उन्हाळ्यात तो बिळात खोल असतो, तेव्हा टोकाशी वाकविलेली तार आत सारून त्यास ओढावे लागते. बिळात हात घालणाऱ्याने प्रथम बिळाचे तोंड पाहावे. ताजा चिखल बाहेर आलेला असेल तर आत खेकडा आहे, आणि तोंड गुळगुळीत व कोरडे असेल तर आत दुसराच कोणी, बहुधा सर्प, असण्याचा संभव. ही साधी गोष्ट न पाहिल्याने जिवास मुकलेल्यांच्या कथा प्रत्येक गावी आहेत. तिसरी रीत मुलांची: दोरीच्या टोकास गांडूळ किंवा कोंबडीचे आतडे बांधून बिळापाशी सोडावयाचे, खेकडा नांगीने धरतो आणि धरले की सोडीत नाही. त्याचा हा हट्टच त्याच्या मुळावर येतो.

आमिषासाठी खेकडा तयार करताना नांग्या मोडून बाजूस ठेवीत, पाठीचे कवच काढीत, आणि शरीराचे दोन किंवा चार तुकडे करून पायांच्या सांध्यातून गळ ओवीत, म्हणजे पाण्याच्या ओढीने तुकडा सुटत नाही. नुकतीच कात टाकलेला मऊ खेकडा सर्वांत मोलाचा. वाढण्यासाठी खेकड्यास जुने कवच टाकावेच लागते. नवे कवच घट्ट होईपर्यंत तो बिळात लपून असतो, आणि या थोड्या दिवसांत त्याचा वास व मऊपणा यांमुळे मांसाहारी मासा त्यावर तुटून पडतो. मरळ, वाम, शिवडा, शिंगाडा हे सारे मांसाहारी; पिठाच्या गोळ्याला ते तोंड लावीत नाहीत. लांब दोरीस हातहात अंतरावर गळ बांधून संध्याकाळी डोहात सोडावयाची व पहाटे काढावयाची, हा क्रम. ज्या घरी धरणारी मुले नसत ते घर इतरांकडून खेकडे घेई, आणि त्याबद्दल ज्वारी किंवा सकाळच्या माशांतला वाटा देई. रोख पैशाचा प्रश्न फारसा येत नसे.

गळाच्या माशांत एकाचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे. तो म्हणजे अहीर. वाम व अहीर दिसण्यात लांबट म्हणून लोक एकच समजतात. परंतु वाम जन्मभर नदीत राहते, आणि अहीर समुद्रात जन्मतो. त्याची इवलीशी पिले नदीच्या मुखातून वर चढत देशावर येतात, वर्षानुवर्षे डोहांत वाढतात, आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा समुद्राकडे निघून जातात. खेकडा हे अहिराचे आवडते खाद्य. साइक्सने दख्खनच्या अहिराला गव्हर्नर एल्फिन्स्टन याचे नाव दिले. म्हणजे देशावरच्या भोयाने बालाघाटच्या खडकातला खेकडा गळास लावावा आणि त्यास समुद्रात जन्मलेला मासा लागावा, असा हा योग होता. ‘खारे’ व ‘गोडे’ या दोन पाण्यांची गाठ आपल्या डोहात पडत होती, आणि ती घालून देणारा होता खेकडा.

ती गाठ सुटली कशी, हे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही.

निजामाच्या अमदानीत पाण्याचा हर्रास होई. बोली लावणारा पैसेवाला असे, आणि पाण्यात उतरणारा भोई असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, १९५६ मध्ये आपला जिल्हा मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्याच सुमारास सहकारी संस्थांचा मार्ग खुला झाला. संस्थेच्या नावाने पाणी घ्यावे, हिशेब आपल्याच लोकांनी ठेवावा, हे स्वप्न आपल्या वडिलांच्या पिढीने पाहिले, आणि काही ठिकाणी ते उतरलेही. काही ठिकाणी मात्र संस्थेची पाटी आपली आणि पैसा दुसऱ्याचा, असा जुनाच हर्रास नव्या कागदावर चालू राहिला. हे कटू आहे, पण आपल्याच अंकात लिहावयाचे नाही तर कोठे?

दुसरा बदल पाण्याचाच झाला. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी ते राष्ट्रास अर्पण केले. सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले, मांजरेवर केज तालुक्यात धनेगावचे. खाली विष्णुपुरी, पोचमपाड यांनी नदी आणखी अडविली. शेतास पाणी मिळाले, त्याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणा होईल. परंतु अहिराच्या पिलांची वाट बंद झाली. डोह बुडाले, त्यांची नावे व खोली ज्यांस पाठ होती त्यांचे ज्ञान एका पावसाळ्यात निरुपयोगी झाले. नव्या जलाशयांत बाहेरून आणलेले रोहू व मृगळ यांचे बीज सोडण्यात आले. हे मासे खेकड्याकडे ढुंकून पाहत नाहीत. त्यांस नायलॉनचे जाळे पुरते. गळाची दोरी आढ्याला टांगली गेली ती तेव्हापासून.

खेकड्याचेही दिवस फिरले. समुद्रातील खेकडी लाखांनी अंडी घालते. आपली गोड्या पाण्याची खेकडी थोडीच, पण मोठी अंडी घालते, ती पोटाखाली धरून ठेवते, आणि त्यांतून निघालेली पूर्ण घडलेली पिलेही काही दिवस पोटाशीच बाळगते. म्हणून पोटाखाली पिले दिसली की खेकडी परत बिळाशी सोडावी, असा आपल्या घरांतला दंडक होता. त्यास कोणी पाप-पुण्याचे नाव देत असे, कोणी नाही. परिणाम एकच, पुढच्या वर्षी त्याच बांधात खेकडे मिळत. शेतात कीटकनाशके आली, ओढे आटू लागले, २०१६ च्या उन्हाळ्यात तर मांजरा धरणच कोरडे पडले व लातूरकरांस मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. आणि खेकडा आमिषाचा न राहता बाजाराचा झाला. खोकल्यावर व दम्यावर खेकड्याचा रस्सा गुणकारी, अशी समजूत आहे. ती खरी की खोटी हे वैद्यांनी सांगावे. गिऱ्हाईक नगावर पैसे मोजते, आणि विकणारा पिलांची खेकडी वेगळी काढीत नाही, कारण ती वजनदार दिसते.

गेवराई व माजलगावकडील काही घरांत गळाच्या दोऱ्या अद्याप आहेत. त्यांतील गाठी कशा घालीत, कोणत्या डोहात किती हात दोरी सोडीत, कात टाकलेल्या खेकड्यास कोणत्या गावी काय म्हणत, हे ज्यांस आठवते ते बहुतेक ऐंशीच्या पुढचे आहेत. सभासद कुटुंबांनी आपल्या घरच्या वृद्धांकडून हे शब्द व डोहांची नावे टिपून संघाकडे पाठवावीत. शुद्धलेखनाची चिंता करू नये. ते पाहण्यास संपादक मंडळ समर्थ आहे.