राब

राब : कोकणातील भात व नाचणी यांच्या रोपांसाठी जमीन भाजून तयार करण्याची पद्धती. रोपे वाढवावयाच्या तुकड्यावर शेण, कवळ (पालेदार फांद्या), गवत व पालापाचोळा यांचे थर पसरून वर बारीक माती टाकतात आणि पावसाळ्यापूर्वी ते सावकाश जळतील अशा बेताने पेटवितात. कवळासाठी ऐनासारख्या वृक्षांच्या फांद्या तोडतात.

या पद्धतीचे मूळ उष्ण कटिबंधातील मृदेच्या स्वरूपात आहे. अतिवृष्टीमुळे मृदेतील कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅशियम यांची लवणे विरघळून निघून जातात. लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात व ती फॉस्फेट घट्ट धरून ठेवतात. दक्षिण कोकणातील जांभ्या मृदेत हे विशेष दिसून येते. अशा प्रदेशातील अरण्य घनदाट असले, तरी त्यावरून जमीन सुपीक ठरत नाही. कारण पोषक द्रव्यांचा मोठा वाटा वनस्पतींत व वरच्या पातळ थरात साठलेला असतो. राबामुळे त्यांतील काही द्रव्ये राखेच्या रूपाने रोपांना मिळतात व तणांचे बी जळून जाते. मात्र जैव पदार्थांतील बराचसा नायट्रोजन वायुरूपाने नष्ट होतो.

१८७८ च्या वन अधिनियमानंतर राखीव वनांतील तोडीवर निर्बंध आले आणि राब हा वादाचा विषय बनला. वनखात्याच्या दृष्टीने तो वृक्षांचा नाश होता, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने कवळाविना भाताचे पीक धोक्यात होते. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला. जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी भारतीय शेतीवरील आपल्या अहवालात (१८९३) राबाची चर्चा केली, तर हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी यांनी १९१२ मध्ये त्याचा रासायनिक अभ्यास प्रसिद्ध केला. अशा रीतीने केवळ अडाणीपणाची रूढी मानली गेलेली ही पद्धती शास्त्रीय अभ्यासाचा विषय झाली.

तथापि राबाने नवी सुपीकता निर्माण होत नाही. वनातील सुपीकता शेतात आणली जाते. तोड मर्यादित असून झाडांना पुन्हा पालवी फुटण्यास अवधी मिळतो, तोवरच हा व्यवहार टिकतो. वन विरळ झाले की त्याची झळ अखेर शेतालाही पोहोचते.