वॉटसन हॉटेल आणि त्याचें दार

जुन्या शहरांतील नामांकित हॉटेलांची आठवण काढतांना आपण बहुधा झुंबरें, चांदीचे कांटे-चमचे व शुभ्र मेजवस्त्रें यांचेंच वर्णन करतों. त्या मेजाभोंवतीं कोणास बसतां येत होतें, हें विचारावयाचें मात्र राहून जातें.

मुंबईच्या काळा घोडा भागांतील वॉटसन हॉटेलचेंच उदाहरण घ्या. जॉन वॉटसन या इंग्रज कापडव्यापाऱ्यानें तें बांधविलें. ऑर्डिश नामक स्थापत्यविशारदानें आंखलेला त्याचा लोखंडी सांगाडा विलायतेंत तयार होऊन जहाजानें इकडे आला व 1871 सालीं हॉटेल उघडलें. पांच मजले, 130 खोल्या आणि तळमजल्यावर भोजनगृह असा त्याचा थाट. वाढावयास इंग्रज तरुणी असत. तेव्हां वॉटसननें विलायतेची हवाही आणावयास हवी होती, अशी थट्टा लोक करीत. 7 जुलै 1896 रोजीं ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविलीं गेलीं तीं येथेंच.

आमच्या सोलापुरास आगगाडी 1860 सालींच आली होती. पण तिनें मुंबईस गेलेला येथील एखादा लक्षाधीशही या भोजनगृहांत बसूं शकला नसता. तें केवळ युरोपियनांसाठीं होतें. 1896 च्या आरंभीं मार्क ट्वेन येथें उतरला होता. एका जर्मन गृहस्थानें दाराचें काम करणाऱ्या नोकराच्या जबड्यावर फटका मारला व त्यानें तो निमूटपणें सोसला, ही हकीकत त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत नमूद केली आहे. ती पाहून त्याला बालपणीं पाहिलेली गुलामगिरी आठवली.

परंतु सारा दोष गोऱ्यांच्या माथीं मारून आपल्याला हात झाडतां येणार नाहींत. 1890 सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून रानडे-टिळकांसारख्यांविरुद्धही ग्रामण्य माजलें व प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलें. साहेबानें दार आंतून लावलें होतें हें खरें. बाहेरून कडी आपणही घातली होती.

ती कडी काढली कोल्हापुरानें. गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थानें तेथें चहाचें हॉटेल काढलें, तेव्हां शाहू महाराज स्वतः तेथें चहा घेत व बरोबरच्या मंडळींसही पाजीत. महाराज 1922 सालीं निवर्तले. तो चहा मात्र महाराष्ट्र विसरला नाहीं.

वॉटसनची इमारत पुढें एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाऊं लागली. 2005 सालीं तिचा कांहीं भाग कोसळला. अशी लोखंडी वास्तु दुर्मिळ आहे आणि ती टिकावी, असें मलाही वाटतें. मात्र तिच्या मेजवान्यांच्या आठवणी सांगतांना मुलांना त्या बंद दाराची आणि कोल्हापुरच्या त्या चहाचीही गोष्ट सांगावी.